आधी सही, मग संडास : वस्तीतल्या योजना आणि आपला 'सहभाग'

नंदिनीकाठची

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी नाशिकची. नंदिनीच्या काठाला (जुने लोक अजून नासर्डीच म्हणतात) एक वस्ती आहे तिथली, माझं लहानपण तिथेच गेलं आणि लग्नही दोन गल्ल्या सोडून झालं म्हणजे सासर माहेर एकच. वस्तीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणाला अडकवायचं नाहीये, मला फक्त एक गोष्ट सांगायची आहे आणि तुमच्याकडे काय होतं ते विचारायचंय.

चारेक वर्षांपूर्वी आमच्याकडे नवीन सार्वजनिक संडास मंजूर झाला. जुना होता त्याची दारं गेलेली, लाईट नाही, बायका पहाटे चारला उठून दोघी तिघी मिळून जायच्या. त्यामुळे आनंदच झाला. मग निरोप आला की लोकसहभागाची मीटिंग आहे, बुधवारी सकाळी ११ वाजता समाजमंदिरात. आता बुधवारी ११ ला वस्तीत कोण असतं सांगा? बायका गोविंदनगर इंदिरानगरला धुणीभांड्याला, माणसं अंबडच्या कारखान्यांत फर्स्ट शिफ्टला नाहीतर नाक्यावर. घरी म्हातारी माणसं, आणि मी, कारण मला ताप होता. साहेबांनी वीस मिनिटं माहिती दिली, चांगलं बोलले खरं सांगायचं तर, मग फोटो काढायची वेळ आली तर माणसं कमी दिसायला लागली म्हणून शेजारच्या अंगणवाडीतली पोरं आणून मागच्या रांगेत उभी केली. तो फोटो फाईलला आहे. मी स्वतः पाहिलाय.

आणि फाईलला ६२ सह्या आहेत. मीटिंगला आम्ही नऊ जण होतो, पोरं सोडून. माझी सही आहे, माझ्या जावेची आहे जी त्या दिवशी कामावर होती, आणि शेजारच्या आज्जींचा अंगठा आहे. नंतर लक्षात आलं, या सह्या आम्हीच दिल्या होत्या, पण दोन महिने आधी, लाईटच्या पोलसाठी म्हणून! कागदावर वर काय लिहिलंय ते कोणी वाचलं नव्हतं, वर बहुतेक काही लिहिलेलंच नव्हतं.

संडास झाला. दहा सीट बायकांना दहा पुरुषांना, टाईल्स वगैरे मस्त. पण बायकांच्या बाजूचं दार उघडतं थेट चौकात, जिथे दिवसभर पत्ते चालू असतात. एका जरी बाईला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं की दार मागून काढा. शेवटी आम्ही काय केलं, कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स पडला होता तो दोरीने आडवा बांधला, त्यामुळे आता आम्ही रोज एका भाऊंच्या हसऱ्या चेहऱ्यामागून आत जातो :)

हे तरी चाललं असतं. आठ महिन्यांत टाकी भरली. उपसायची गाडी आली ती गल्लीच्या तोंडाशीच थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, दोन्ही हात पसरून गल्लीत उभा राहिला, बोटं दोन्हीकडच्या भिंतींना जवळजवळ टेकली, आणि हसला. मग मी घरून शिवणकामाचा टेप आणला, सात फूट भरली. गाडी आठ फुटाची. नाल्याच्या बाजूने गाडी येऊ शकते हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहितीय, पण टाकी बांधली बरोब्बर उलट्या बाजूला. आता दर वेळी पाईपला पाईप जोडून उपसतात, निम्मं गल्लीत सांडतं, त्या दिवशी गल्लीत कोणाकडे स्वयंपाक होत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की विचारलं जातं, नाही असं नाही, पण विचारतात कधी? इस्टिमेट झाल्यावर, टेंडर निघाल्यावर. म्हणजे लग्न लागल्यावर पोरीला विचारायचं, मुलगा पसंत आहे ना गं? तुमच्याकडे कसं होतं? कुठे आधी विचारल्याचं उदाहरण आहे का?

सातपूरचा भाऊ

ताई राग मानू नका, पण दुसरी बाजू पण लिहा. आमच्याकडे संडासातला बल्ब तीन वेळा चोरीला गेला, चोरणारा बाहेरचा नव्हता. नळाच्या तोट्या भंगारात गेल्या. मीटिंग रविवारी संध्याकाळी ठेवली तरी लोक येत नाहीत, मी स्वतः दोनदा ठेवून बघितलीय, समोसे सांगितले होते म्हणून पंधरा जण आले आणि खाऊन गेले. लोकांना फुकट पाहिजे आणि वर सांभाळायला पण सरकारच पाहिजे. सहभाग सहभाग करतो आपण पण सहभाग म्हणजे कामाला हात लावणं, नुसतं तक्रार करणं नाही.

नंदिनीकाठची

भाऊ राग नाही, बल्ब आमच्याकडे पण गेलेत. पण एक सांगा, तुमच्या मीटिंगमध्ये ठरवण्यासारखं काही होतं का, की ठरलेलं सांगायचं होतं? ठरलेलंच ऐकायला मी पण समोशासाठीच आले असते.

सातपूरचा भाऊ

हा पॉइंट आहे. ठरलेलंच होतं.

निवृत्त उपअभियंता

मी ३१ वर्षं सरकारी नोकरीत बांधकामात काढली, कुठे ते विचारू नका. साहेबांची बाजू कोणीतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहितो.

निधी येतो जानेवारीत आणि खर्च दाखवायचा ३१ मार्चच्या आत, नाहीतर परत जातो. त्यात इस्टिमेट, तांत्रिक मंजुरी, टेंडर, वर्क ऑर्डर. डीएसआर म्हणजे दरसूची, तिच्यात विटेला दर आहे, सिमेंटला आहे, पण बायकांशी बसून चहा पिण्याला दर नाही. ज्या गोष्टीला आयटम नाही ती गोष्ट होत नाही, हा खात्याचा नियम समजा. वर ड्रॉइंग टाईप प्लॅन असतं, एकच प्लॅन दहा जागी वापरायचं, दार कुठल्या दिशेला उघडतं ते प्लॉटवर गेल्यावर कळतं आणि तेव्हा बदलायचं म्हटलं तर ठेकेदार एक्स्ट्रा आयटम मागतो, ऑडिटवाला आक्षेप काढतो. जेई, म्हणजे ज्युनियर इंजिनियर, बिचारा कोणाकोणाला तोंड देणार. त्याच्याकडे एकाच वेळी पंधरा वीस कामं असतात.

आता कायद्याचं बघा. ७४ वी घटनादुरुस्ती, शहरांच्या कारभाराची, १ जून १९९३ ला लागू झाली. तिच्यात ३ लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या कंपल्सरी केल्या. नाशिक त्यात आहेच, २०११ च्या जनगणनेतच आपण १४ लाख ८६ हजार होतो. पण सहा विभाग आणि सहा समित्या म्हणजे एका समितीखाली सरासरी अडीच लाख माणूस. अडीच लाखात तुमची गल्ली कुठे दिसणार? म्हणून मग २००९ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात क्षेत्रसभा आणली. खेड्यात ग्रामसभा तशी शहरात क्षेत्रसभा, मतदारयादीतला प्रत्येक जण सभासद, नगरसेवक अध्यक्ष. हे पण आपल्या मनाने नाही केलं, केंद्राच्या नेहरू अभियानाचे (शहरं सुधारायची योजना) पैसे पाहिजे असतील तर असा कायदा करा अशी अट होती म्हणून केलं. मी निवृत्त होईपर्यंत किती क्षेत्रसभांना गेलो? शून्य. एकही झालेली बघितली नाही.

चिवडा आणि चहा

काका, क्षेत्रसभा हा शब्दच मी आज पहिल्यांदा ऐकला आणि मी तीन वेळा मतदान केलेला माणूस आहे.

आणि नगरसेवक अध्यक्ष म्हणजे नगरसेवकच नसेल तर? आपल्याकडे मार्च २०२२ ला मुदत संपली आणि नंतर कित्येक वर्षं प्रशासकच होते. त्या काळात गटार तुंबलं तर आमच्या गल्लीतले लोक 'माजी' कडेच जायचे, सवयीने. माजी म्हणायचा माझ्या हातात काय आहे आता. आणि खरंच नव्हतं.

घरकुल चौथा मजला

मी आधी झोपडपट्टीत होते, आता घरकुलात. नेहरू अभियानातलं, ज्यात बीएसयूपी म्हणून गरिबांच्या घरांचा भाग होता ते. २००५ ला सुरू झालं होतं, आम्हाला ताबा मिळेपर्यंत पोरगी शाळेतून कॉलेजात गेली. लाभार्थी हिस्सा भरला आम्ही, १० ते १२ टक्के असायचा तो, मंगळसूत्र मोडून भरला, फुकट घेतलं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.

घर चांगलंय. पक्कं आहे, पावसात झोप लागते. हे पहिलं सांगते म्हणजे कोणी म्हणायला नको की कृतघ्न आहे. पण आमच्या मालकांची भाजीची हातगाडी आहे. सर्व्हेला आलेल्या पोरीने घरात माणसं किती, उत्पन्न किती, रेशन कार्ड कोणतं सगळं लिहून घेतलं, धंदा 'फळ भाजी विक्रेता' असं पण लिहिलं. पण गाडी कुठे ठेवता हे नाही विचारलं. आता चौथ्या मजल्यावर हातगाडी कशी न्यायची? खाली ठेवली तर चाकं काढून नेतात. दोन वर्षं रोज रात्री दोन्ही चाकं काढून वर आणायचो, पलंगाखाली ठेवायचो, पहाटे परत खाली. पलंगाखाली चाक, त्यावर माती, रात्री पाय लागला की करकर वाजायचं. आमच्या मजल्यावर एक जण रिक्षावाला, एक कपड्याची फेरीवाली, एकीकडे शेळ्या होत्या त्या विकल्या. खाली पार्किंग मोटारसायकलसाठी आखलंय, पिवळे पट्टे मारून.

मग मालकांनी धंदाच सोडला, आता सिक्युरिटीला आहेत. दहा हजारात.

नंदिनीकाठची

ताई, पलंगाखालचं चाक वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

पुण्यात सध्या

मूळ पंचवटीचा, नोकरीमुळे पुण्यात. आधी विचारल्याचं उदाहरण मागितलंय म्हणून लिहितो.

येरवड्यात त्याच बीएसयूपी योजनेत २००९ नंतर एक वेगळा प्रयोग झाला. लोकांना उचलून कुठे नेलं नाही, जिथे घर तिथेच, जुनं पाडून त्याच जागी २७० चौरस फुटांचं नवीन. महिला मिलन आणि स्पार्क या संस्था आणि आर्किटेक्ट घरोघर बसले. नवीन घराचा आकार लोकांना कळावा म्हणून खऱ्या मापाचं कापडी घर उभं करायची त्यांची पद्धत आहे, बांबू आणि चादरी लावून, बायका आत फिरून सांगतात की इथे ओटा नको, मोरी तिकडे घ्या. नकाशा वाचता येत नसला तरी चादरीच्या घरात कळतंच ना. शेजारी टिकले, धंदे टिकले. पण वेळ फार लागला आणि ज्यांची झोपडी अगदीच लहान होती त्यांचं गणित बसवणं अवघड गेलं, सगळं गोड गोड होतं असं नाही.

त्याच्याही आधी १९९९ नंतर रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना पुण्यात संस्थांना बरोबर घेऊन ४०० च्या वर सार्वजनिक संडास बांधले. त्यात लहान मुलांसाठी वेगळे छोटे संडास होते, कारण मोठ्या सीटवर पोरं घाबरतात, आणि सांभाळणाऱ्या कुटुंबाला वर खोली. महिन्याला कुटुंबामागे २० रुपये पास. पोरांचे संडास वेगळे पाहिजेत हे कुठल्या इंजिनियरला सुचलं नव्हतं, बायकांनी सांगितलं. नंतर काही ठिकाणी देखभाल ढेपाळली हेही खरंच.

निवृत्त उपअभियंता

पुण्याचं मान्य. पण त्यात एक गोष्ट नजरेआड करू नका, आयुक्त स्वतः मागे लागला होता. तो बदलला की फाईल बदलते. माणसावर चालणारी गोष्ट आहे ही, पद्धतीवर नाही. आपल्याकडे २०१८ ला तुकाराम मुंढे आयुक्त होते तेव्हा 'वॉक विथ कमिशनर' होतं, लोक सकाळी सकाळी रांग लावून तक्रारी द्यायचे. फेब्रुवारीत आले नोव्हेंबरात गेले, वॉक संपला.

अहमदाबादला १९९५ च्या सुमाराला परिवर्तन नावाची योजना होती, तिच्यात घरामागे २००० रुपये लोकांनी भरले, मग पाणी, ड्रेनेज, घरात संडास. लोकांनी पैसे घातले की लोक लक्ष ठेवतात, ठेकेदाराला वाळू कमी टाकू देत नाहीत. माझं तर मत आहे की वर्गणीशिवाय काम द्यायचंच नाही.

बचतगटवाली

काका तुमचा मान ठेवून विचारते. कॉलेज रोडला फूटपाथ झाले, गंगापूर रोडला जॉगिंग ट्रॅक झाले, तिथे घरामागे किती वर्गणी घेतली? 'लोकसहभाग' म्हटलं की वर्गणी आणि श्रमदान फक्त आम्हालाच का आठवतं तुम्हाला? आम्ही हिस्सा पण द्यायचा, झाडू पण मारायचा, राखण पण करायची, आणि ठरवायचं मात्र दुसऱ्यांनी. बंगलेवाल्याला कोणी म्हणतं का, आधी तुमची सोसायटी कमिटी स्थापन करा मग नळ देतो?

निवृत्त उपअभियंता

ताई, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. 'वर्गणीशिवाय द्यायचंच नाही' हे वाक्य मागे घेतो. लोकांचा पैसा असला की लोक लक्ष ठेवतात एवढं मात्र मी डोळ्यांनी बघितलंय, ते राहू द्या.

बचतगटवाली

राहू दे की, ते खोटं नाहीच.

आता गटाचं लिहिते कारण आमच्याशिवाय सहभाग पूर्ण होत नाही, फोटोत साड्या लागतात ना. माझ्या सासूबाई सुवर्णजयंती शहरी रोजगार योजनेत होत्या, १९९७ ची ती. तेव्हा शेजार गट, त्याच्यावर शेजार समिती, त्याच्यावर विकास संस्था अशी उतरंड होती. २०१३ ला त्याचं नागरी उपजीविका अभियान झालं, मग गट, वस्तीस्तर संघ, शहरस्तर संघ. नावं बदलली, उतरंड तीच, रजिस्टर मात्र वाढली, आता सात आहेत.

फायदा झालाय, तो आधी सांगते. १० ते २० बायकांचा गट, अभियानात १० हजार फिरता निधी मिळायचा, बँकेचं कर्ज ७ टक्क्यांनी आणि वेळेवर फेडलं तर बायकांच्या गटाला आणखी ३ टक्के सूट असायची. सावकाराकडे महिना ५ टक्के देणाऱ्या बाईला हे काय असतं ते विचारा. आमच्या गटात एकीने यातून फॉल पिकोचं मशीन घेतलं, एकीने पापड मसाल्याचं सुरू केलं.

पण वस्तीस्तर संघाने वस्तीची मागणी, वस्तीचा आराखडा पण करायचा असं ट्रेनिंगला सांगितलं होतं. आम्ही केला, दोन दिवस बसून, कार्डशीटवर रंगीत पेनाने, कुठे नळ नाही कुठे खांब नाही सगळं. घेऊन गेलो. खूप छान म्हणाले, फोटो काढला आमचा कार्डशीटसकट. कार्डशीट तिथेच कपाटावर राहिलं. नंतर निरोप आला तो थेट कार्यक्रमाचा, पाहुणे येणारेत, ५० बायका आणा, सगळ्यांनी हिरव्या साड्या नेसून या. ज्यांच्याकडे हिरवी नव्हती त्यांनी उसनी आणली.

लीड्सहून नाशिककर

मी इंग्लंडला असते, इथल्या कौन्सिलच्या (आपल्या महापालिकेसारखं) हाउसिंगमध्ये काम करते, माहेर जेलरोडला. वाचून मजा (वाईट अर्थाने) वाटली कारण इथे पण हेच रडगाणं होतं.

१९९८ ला इथल्या सरकारने न्यू डील फॉर कम्युनिटीज नावाची योजना काढली, अतिशय मागासलेल्या ३९ वस्त्या निवडल्या आणि प्रत्येकीला १० वर्षांसाठी साधारण ५ कोटी पौंड. प्रत्येक ठिकाणी एक बोर्ड, त्यावर त्या भागातले रहिवासी, बऱ्याच ठिकाणी चक्क निवडणुका घेऊन निवडलेले. म्हणजे पैसा कुठे टाकायचा यात लोकांचं मत, आणि तेही दहा वर्षं, ३१ मार्चची घाई नाही. तरी भांडणं झालीच. तेच तेच आठ दहा जण प्रत्येक मीटिंगला, तरुण नाहीत, बाहेरून आलेली कुटुंबं नाहीत, आणि कौन्सिलचे साहेब असं बोलायचे की रहिवाशांना कळू नये.

शेरी अर्नस्टीन म्हणून एक अमेरिकन बाई होत्या, त्यांनी १९६९ मध्येच तिथल्या गरीब वस्त्यांच्या योजना बघून सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. सगळ्यात वर लोकांच्या हाती कारभार, मधे माहिती देणं, सल्ला घेणं, आणि सगळ्यात खाली लोकांना सोयीसारखं वापरून घेणं. अंगणवाडीची पोरं मागच्या रांगेत उभी करणं ही कितवी पायरी ते तुम्हीच ठरवा.

चिवडा आणि चहा

५ कोटी पौंड एका वस्तीला! ताई आमची वस्ती दत्तक घ्या.

ती शिडी पण फर्स्ट क्लास आहे, पण आमच्याकडे शिडी विभागीय ऑफिसात असते आणि चावी रजेवर.

वाघाडीचा

माझा विषय थोडा वेगळा आहे पण इथेच लिहितो. पूर. २००८ चा सप्टेंबर, २०१६ ला २ ऑगस्ट, २०१९ ला ४ ऑगस्ट. तीन वेळा सामान डोक्यावर घेऊन पळालोय, तिसऱ्या वेळी टीव्ही राहिला. पाणी कुठून घुसतं, आधी कुठल्या गटारातून उलटं येतं, कुठल्या घराच्या कितव्या पायरीला लागलं की अर्ध्या तासात सगळी गल्ली जाते, हे आमच्या आईला पाठ आहे. भिंतीवर खिळ्याने खुणा केल्यात तिने, तीन पुरांच्या तीन. नालेसफाईला जेसीबी येतो तेव्हा आईला नाही, जेसीबीवाल्याला विचारतात कुठून सुरू करू. तो रस्त्याकडून करतो कारण त्याला सोपं पडतं.

निवृत्त उपअभियंता

नंदिनीकाठच्या ताई, या पुरावरून आठवलं. तुमचा संडास निळ्या रेषेच्या आत आहे का? निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. निळ्याच्या आत नवीन पक्कं बांधकाम चालत नाही. टाकी नाल्याच्या बाजूला न घेता उलट बाजूला घेतली त्याचं कारण हे असू शकेल. म्हणजे जेई अगदीच आंधळा नसेल.

नंदिनीकाठची

काका, अहो हे कोणी सांगितलंच नाही आम्हाला! चार वर्षं मी त्या माणसाला शिव्या घालतेय. बघा ना, त्या बुधवारी त्याने एवढं जरी म्हटलं असतं की तिकडे रेषा आहे, टाकी इकडेच घ्यावी लागेल, तर आम्हीच म्हटलं असतं की मग गाडी येणार नाही, गल्लीचं काहीतरी करा. त्याला रेषा माहिती, आम्हाला गल्ली माहिती, आणि दोघांनी वीस मिनिटं समोरासमोर बसून एकमेकांना काहीच सांगितलं नाही.

सातपूरचा भाऊ

ठीक आहे पण आता पुढे काय? रडून झालं. कोणीतरी कामाचं सांगा.

निवृत्त उपअभियंता

कामाचं सांगतो. एक, काम मंजूर व्हायच्या आधी पकडायचं. महापालिकांना बजेटमध्ये ५ टक्के दुर्बल घटकांसाठी, ५ टक्के महिला बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवावे लागतात, शिवाय दलित वस्ती सुधारचा निधी वेगळा येतो. यातून तुमच्या भागात काय धरलंय हे बजेटच्या पुस्तकात छापलेलं असतं, ते बघायचं. नाही मिळालं तर माहिती अधिकारात मागा, अर्जाला १० रुपये, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही नाही. मागताना 'माहिती द्या' असं मोघम लिहू नका, 'इस्टिमेटची प्रत आणि नकाशा' असं लिहा.

दोन, जेईला ऑफिसात गाठू नका, तिथे तो उठून उभा असतो. साईटवर गाठा, चहा द्या, आणि टेप हातात द्या. मोजमाप समोर झालं की इंजिनियर खोटं लिहीत नाही, सहसा.

तीन, मागणी लेखी, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का. शिक्का नसेल तर तुम्ही गेलाच नव्हतात.

बचतगटवाली

चार मी सांगते. कोऱ्या कागदावर सही नाही. आमच्या संघात आता आम्ही वर विषय आणि तारीख लिहून, खाली रेघ मारून मगच सह्या घेतो, उरलेल्या जागेवर पण तिरकी रेघ. अंगठेवाल्या आज्यांना आधी वाचून दाखवायचं. याच्यावरून एक साहेब चिडले होते, विश्वास नाही का म्हणाले. नाही म्हटलं.

घरकुल चौथा मजला

पाच. धंदा विचारला की गाडी कुठे ठेवता ते आपणच सांगायचं, त्यांनी विचारायची वाट बघायची नाही. फॉर्मला रकाना नसला तर मागच्या बाजूला लिहायचं.

नंदिनीकाठची

मंडळी, दीड महिन्याने लिहितेय, धागा वर आणल्याबद्दल माफ करा पण अपडेट द्यायची होती.

आमच्या गल्लीत भूमिगत गटारीचं काम धरलंय असं काकांनी सांगितल्याप्रमाणे पुस्तकात सापडलं. इस्टिमेट व्हायचं होतं अजून. अर्ज दिला, शिक्का घेतला. नवीन जेई आहेत, वयाने माझ्यापेक्षा लहान, त्यांना म्हटलं रविवारी संध्याकाळी सात वाजता या, तेव्हा सगळे असतात. येणार नाहीत असंच वाटलं होतं. आले, ड्युटी नसताना, स्वतःच्या गाडीवर. तीसेक जण जमले, समोसे नव्हते भाऊ, नुसता चहा. लेकरांनी टेप धरला आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दर दहा फुटांवर रुंदी मोजली, जेई वहीत लिहीत होते, आणि मी पण माझ्या वहीत लिहिली. वाघाडीच्या दादांनी सांगितल्यासारखं पूर कुठून येतो ते आमच्या आज्जींनी काठीने दाखवलं, त्यांनी ते पण उतरवून घेतलं, चेंबर दोन ठिकाणी सरकवतो म्हणाले. टाकीचं विचारलं तर खरंच रेषेचीच अडचण होती, नकाशा मोबाईलवर दाखवला त्यांनी.

पण मोजताना एक गोष्ट निघाली. गल्ली कागदावर दहा फूट आहे. दहा! सात नाही. आणि मधले तीन फूट कुठे गेले ते सगळ्यांनाच दिसत होतं पण कोणी बोलत नव्हतं, दोन्ही बाजूंनी ओटे आणि पायऱ्या पुढे आल्यात, माझं बोलणं तिथेच थांबलं. जेई शांतपणे म्हणाले, नऊ ओटे मागे घेतले तर उपसायची गाडी पण आत येईल आणि पाईपलाईन पण सरळ जाईल, पण मी नोटीस काढणार नाही, तुम्हीच ठरवा आणि मला लेखी द्या.

सात जण तिथल्या तिथे हो म्हणाले. आठव्याने दिवाळीनंतर म्हटलंय.

नववा ओटा आमचा आहे. सासूबाईंनी स्वतः हाताने शेणामातीने बांधलेला, नंतर फरशी बसवली, रोज संध्याकाळी त्या तिथेच बसतात, सव्वा फूट पुढे आलाय. वहीत मीच लिहिलंय. त्या दिवशी त्या लेकीकडे देवळाली गावात गेल्या होत्या, परवा येतायत, आणि अजून त्यांना कोणीच काही सांगितलेलं नाही.

बचतगटवाली

ताई, इस्टिमेटच्या आधी विचारा हां :)